वाढदिवस आजीचा, रडणे नातीचे

घरातल्या समारंभांत लहान मुलांना कसे सामावून घ्यावे, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत वाढदिवसाचा विषय इतक्या वेळा आला की या वेळचे सदर त्यालाच द्यावे, असे ठरवले. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही इंदिरानगरमध्ये राहतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे. अलीकडेच तिच्या बाबांचा वाढदिवस झाला. केक डब्यातून बाहेर काढल्यापासून ‘मीच कापणार, मीच फुंकर मारणार’ असा तिने हट्ट धरला आणि बाबांनी सुरी हातात घेताच ती जमिनीवर लोळून रडू लागली. शेवटी मेणबत्ती पुन्हा पेटवून तिच्याकडून फुंकर मारून घेतली, बाबांना आलेल्या भेटवस्तूही तिनेच उघडल्या, तरीही ती झोपेपर्यंत चिडचिड करत होती. आता सासूबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि घरी पन्नासेक माणसे येतील. पुन्हा तसेच होऊ नये म्हणून मुलीसाठीही एक छोटा केक आणि एक भेट आणून ठेवावी, असे तिच्या बाबांचे म्हणणे आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : तुमच्या मुलीला बाबांचा मत्सर वाटला, असे समजू नका. केक, गाणे आणि टाळ्या हे सारे तिने आजवर बहुधा स्वतःसमोरच मांडलेले पाहिले असणार, त्यामुळे केक आला म्हणजे आपला दिवस आला, हा तिने काढलेला निष्कर्ष तिच्या अनुभवाला धरूनच आहे. समोरच्या माणसाच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही चाललेले असते, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येऊ लागते. तीही घरात निवांतपणा असताना आधी दिसते आणि पाहुण्यांच्या गलक्यात पार हरवून जाते. त्यातच तीन ते पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांची अशी ठाम समजूत असते की वाढदिवस साजरा केल्यामुळेच माणसाचे वय वाढते. अशा मुलीला बाबांचा केक म्हणजे हातची निघून चाललेली संधी वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

दुसरा केक आणि दुसरी भेट आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो उपाय अनेक घरांत केला जातो आणि त्या संध्याकाळपुरता तो चालतोही. परंतु त्यातून मुलीला एवढेच कळते की आजीच्या दिवशीही थोडा वेळ वाट पाहिली की आपला वाटा येतोच. पुढच्या वेळी तो वाटा मोठा मागितला जातो. तिला हवी आहे ती समारंभातली जागा, आणि ती जागा कामाने मिळते. मात्र ते काम खरे असले पाहिजे. हातात रिकामे ताट देऊन ‘तू पण मदत कर हं’ म्हटले, तर चार वर्षांच्या मुलांनाही त्यातले खोटे कळते.

औक्षणाचेच उदाहरण घ्या. सासूबाईंचे औक्षण तुम्ही करणारच असाल, आणि त्यात मुलीला झेपतील अशी कितीतरी कामे आहेत. आदल्या संध्याकाळी तांदळाला कुंकू लावून अक्षता तिने कराव्यात. हात लाल होतील, होऊ द्यावेत. पाट तिने मांडावा आणि पाटाभोवतीची रांगोळी तुम्ही काढून रंग तिने भरावेत. ताम्हणात सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकवाचा करंडा आणि कापूस या वस्तू तिने एकेक करून ठेवाव्यात. निरांजन मात्र पेटल्यावर तुमच्याच हातात असावे. तुम्ही आजीला कुंकू लावून सुपारी आणि अंगठी ओवाळली की अक्षता टाकण्याचा मान तिचा, आणि ‘कापसासारखी म्हातारी हो’ म्हणत आजीच्या डोक्यावर कापूस ठेवण्याचा मानही तिचाच. आजीचे केस आधीच पांढरे असतील तर या वाक्यावर घरात जे हसू फुटेल, त्याची मालकीणही तीच असेल. हे सारे पाच-सात मिनिटांत आटोपते आणि चार वर्षांच्या मुलाचे लक्ष साधारण तेवढाच वेळ एका जागी टिकते.

तुमच्याकडे साठी शांत करायची असेल, तर तिचा हिशेब वेगळा ठेवा. पंचांगातल्या ६० संवत्सरांचे चक्र पूर्ण होऊन जन्माच्या वेळचे संवत्सर परत येते म्हणून ही शांत करतात. होमहवन, धूर आणि मंत्र यांत बराच वेळ जातो. त्या वेळात मुलीने पाटाजवळ बसून राहावे, ही अपेक्षा ठेवू नये. तिला आत्याकडे किंवा मावशीकडे सोपवून औक्षणाच्या वेळी बोलावून घ्यावे.

आदल्या दिवशी तिला सगळा क्रम सांगा : उद्या आजीचा वाढदिवस आहे, केक आजी कापणार, पहिला घास तुला आजीच भरवणार, आणि सगळ्यांना केकच्या बशा तू नेऊन देणार. हे दोनतीनदा सांगावे लागेल. तिचा स्वतःचा वाढदिवस केव्हा येतो, हेही सांगा, पण तारखेत सांगू नका. ‘गणपती गेले की’ किंवा ‘संक्रांतीच्या आधी’ असे सांगितले तर तिला धरता येईल. एक सावधगिरी अशी की आजीला काही अचानक भेट द्यायची असेल तर ते गुपित तिला सांगू नका. या वयात गुपित पोटात राहत नाही, आणि ते फुटले म्हणून तिला बोलणी बसणे हा तिच्यावर अन्याय होईल.

भेटीविषयीही थोडे लिहितो, कारण पुष्कळ घरांत आई-वडील साडी आणतात, त्यावर ‘नातीकडून’ अशी चिठ्ठी लावतात आणि नातीला त्या साडीचा पत्ताही नसतो. त्यापेक्षा तिला मेनरोडला न्यावे, पन्नास रुपये तिच्या मुठीत द्यावेत आणि आजीसाठी काय घ्यायचे ते तिला ठरवू द्यावे. ती बहुधा चमचमणारी फुलपाखराची क्लिप घेईल, जी साठ वर्षांच्या बाईने कधीच विकत घेतली नसती. सासूबाईंना आधी विश्वासात घेऊन सांगा की ती क्लिप त्या दिवशी अंबाड्याला लावायची आहे आणि पाहुणे जाईपर्यंत काढायची नाही. आपण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर दिवसभर मिरवताना पाहणे, हा देण्यातला आनंद कळण्याचा या वयातला मला ठाऊक असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

सासूबाईंना स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारले आहे का? पन्नास माणसांचा बेत बहुतेक वेळा मुलगा आणि सून ठरवतात. हा प्रश्न नातीलाच विचारायला सांगा. सासूबाई जुन्या नाशकात वाढल्या असतील तर दहीपूल, सराफ बाजार, सरकारवाडा या भागात नातीचा हात धरून एक सकाळ फिराव्यात, आपली शाळा आणि आपला वाडा, निदान वाड्याची जागा, तिला दाखवावी आणि येताना रविवार कारंज्यावर चांदीच्या गणपतीचे दर्शन घ्यावे. आजीही कधी चार वर्षांची होती, ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही. जिना दाखवला, ओटा दाखवला की थोडी पटते.

इतके करूनही ती रडली, तर तिला शांतपणे दुसऱ्या खोलीत न्या, पाहुण्यांसमोर रागावू नका आणि बाहेरचा कार्यक्रम तिच्यासाठी थांबवू नका. दहा मिनिटांनी ती परत आली की बशा वाटण्याचे काम तिची वाट पाहत असले पाहिजे.

प्रश्न : माझा नातू २०२१ सालच्या रामनवमीचा. आमचे घर पंचवटीत असल्यामुळे त्याचा वाढदिवस तिथीनेच व्हावा, असे मला वाटते. सूनबाई २१ एप्रिलला, म्हणजे तारखेने करतात. त्यामुळे दरवर्षी दोनदा वाढदिवस होतो. २०२५ साली रामनवमीला तो चार वर्षांचा झाला म्हणून मी ओवाळले, आणि पंधरा दिवसांनी केक आल्यावर त्याने विचारले, ‘आजी, आता मी पाच वर्षांचा झालो का?’ शिवाय वाढदिवसाच्या दिवशी दिवा फुंकून विझवणे मला अजिबात पटत नाही. मी जुन्या वळणाची आहे, हे मान्य. पण यातून मार्ग काय?

उत्तर : आजी, नातवाचा प्रश्न अगदी रास्त आहे. समारंभाने वय वाढते, असे मानणाऱ्या मुलाला दोन समारंभांचा अर्थ दोन वर्षे असाच लागणार.

आधी तारखांकडे पाहू. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेच्या मानाने सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. तुमच्या नातवाच्या जन्मानंतरची रामनवमी २०२२ साली १० एप्रिलला आली आणि २०२३ साली ३० मार्चला. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे २०२४ ची रामनवमी एकदम पुढे जाऊन १७ एप्रिलला पडली, आणि २०२५ ची पुन्हा मागे येऊन ६ एप्रिलला. तारीख आणि तिथी यांची पुन्हा जवळपास गाठ पडायला साधारण १९ वर्षे लागतात. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी येतील तेव्हा उरकू, असे म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

माझी सूचना अशी की दोन्ही दिवस ठेवावेत, पण दोहोंचे काम वेगळे असावे. तिथीला औक्षण, गोडाचा नैवेद्य आणि काळारामाचे दर्शन. त्या दिवशी वयाचा उल्लेखच करू नये, ‘आज तुझी तिथी’ एवढेच म्हणावे. वय मोजायचे ते तारखेला. शाळेत, दवाखान्यात आणि आधार कार्डावर तारीखच चालते, तेव्हा आकडा तिच्याकडे दिलेला बरा. दर्शनाची वेळ मात्र जपून निवडावी. रामनवमीच्या दुपारी जन्मोत्सवाच्या वेळी मंदिरात पाय ठेवायला जागा नसते आणि लहान मुलाला त्या गर्दीत माणसांच्या कमरा आणि पिशव्या एवढेच दिसते. भल्या सकाळी किंवा रात्री गर्दी ओसरल्यावर त्याला न्यावे. कामदा एकादशीच्या रथोत्सवालाही हेच लागू आहे. रथ एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवरून दाखवावा.

मेणबत्तीबाबत मला तुमची बाजू समजते, आणि ती मांडायला जुन्या वळणाची म्हणून कमीपणा घेण्याचे कारण नाही. लावलेला दिवा तोंडाने फुंकू नये, हा संस्कार आपल्या घराघरांत आहे. केक मेणबत्तीशिवाय कापता येतो. काही घरांत जितके वय तितक्या पणत्या लावून त्या मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवतात आणि आपोआप शांत होऊ देतात. हे मला आवडते, कारण दरवर्षी एक पणती वाढलेली मुलाला डोळ्यांनी दिसते. पण नातू शाळेत जातो, मित्रांकडे फुंकर मारलेली पाहतो आणि घरी येऊन तीच मागतो, हेही खरे आहे. सूनबाईंना फुंकर हवीच असेल, तर केकचा एक तुकडा वेगळ्या बशीत काढून मेणबत्ती त्यावर लावावी, म्हणजे मुलाची थुंकी सगळ्यांच्या केकवर उडणार नाही. एवढ्यावर समेट व्हावा. या प्रश्नावर नातवादेखत वाद होता कामा नये. त्याच्या लेखी मेणबत्तीपेक्षा आजी आणि आई दोघी एका खोलीत हसत असणे कितीतरी महत्त्वाचे आहे.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात नोकरी करतो. मुलगा लवकरच एक वर्षाचा होईल. पहिला वाढदिवस म्हणून लॉन्स घ्यावे, दोनशे माणसे बोलवावीत, डीजे लावावा, असा भावांचा आणि मित्रांचा आग्रह आहे. बाळ संध्याकाळी साडेसातला झोपते. खर्चही झेपणारा नाही, पण आम्ही सगळ्यांकडे जेवून आलो आहोत, आता आपल्या वेळी मागे कसे हटायचे?

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत प्रामाणिक आहे आणि उत्तर त्यालाच द्यायला हवे. दोनशे माणसांचे जेवण हे बाळासाठी नसून तुमच्या परतफेडीसाठी आहे. परतफेड करण्यात गैर काही नाही. फक्त ती बाळाच्या वाढदिवशी, बाळाच्या झोपेच्या वेळी आणि कर्ज काढून करण्याची गरज नाही.

आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळांना अनोळखी चेहऱ्यांची भीती वाटू लागते आणि ती पहिल्या वाढदिवसाच्या वेळी ऐन भरात असते. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात, दुपारची झोप धरून, ११ ते १४ तास झोप लागते. लॉन्सवरच्या कार्यक्रमाला पाहुणे साडेआठला जमतात, केक साडेनऊला कापला जातो आणि झोपेतून उठवलेले मूल प्रकाशझोतात दोनशे जणांच्या हातांतून फिरते. फोटोंत ते रडत असते आणि त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक असते. डीजेबद्दल एवढेच सांगतो की ध्वनिवर्धकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे आणि त्या भिंतीएवढ्या आवाजाजवळ बाळाला दहा वाजण्याआधीही नेऊ नये.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी, बाळ झोपून ताजेतवाने उठल्यावर, घरच्या घरी औक्षण करा. आजी-आजोबा, मामा आणि आत्या एवढी माणसे पुरेत. साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा त्याच्या वाटीत केळे कुस्करून घातलेली रव्याची खीर असू द्या, केक मोठ्यांनी खावा. भावांचे आणि मित्रांचे जेवण नंतर एखाद्या रविवारी दुपारी ठेवा, किंवा पुढे जावळ काढायचे असेल तर त्याच्याशी जोडून घ्या. आमंत्रणात वेळ दुपारची आहे आणि बाळ दोनला झोपते, हे मोकळेपणाने सांगून टाका. लोकांना हे पटते. त्यांच्याही घरी मुले झाली आहेत.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे लहान मुलांसाठी खास म्हणून केला जाणारा समारंभ म्हणजे बोरन्हाण, आणि त्याची सारी रचना मुलाच्या उंचीची आहे : दिवसाउजेडी, घरात, हलव्याचे दागिने घातलेले मूल मधोमध, भोवती शेजारची मुले, आणि डोक्यावरून पडणारा खाऊ वेचण्याची झुंबड. पाहुण्यांना वाढायचे कमी आणि मुलांना करायचे जास्त. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत सवड असतेच. बाळ वर्षाचे असेल तर चुरमुरे टाकावेत. बोरे, हरभरे आणि गोळ्या मोठ्या मुलांच्या खेळासाठी राखून ठेवाव्यात आणि जमिनीवर एकही राहिली नाही, याची खात्री करावी.

प्रश्न : आमचा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलाचा वाढदिवस फेब्रुवारीअखेर येतो आणि तेव्हा माल काढणी ऐन भरात असते. मागच्या वर्षी गाडी भरून गेल्यावर रात्री दहाला मुलाला उठवून केक कापला. तो डोळेही उघडत नव्हता. यंदा तो तीन वर्षांचा होईल. वाढदिवस पुढे ढकलला तर चालेल का? वस्तीवरची सगळी मुले येतात. त्यांच्या खाण्यापिण्यात काय जपावे?

उत्तर : जरूर ढकला. तीन वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही. ‘आज तुझा वाढदिवस’ असे घरातले म्हणतील तो त्याचा वाढदिवस. ज्या दिवशी वडील दुपारी घरी असतील तो दिवस निवडा, मग तो काढणी आटोपल्यावर आणि खरड छाटणीचे दिवस सुरू होण्याआधी आला तरी हरकत नाही. खऱ्या तारखेला सकाळी बागेत जाण्यापूर्वी वडिलांनीच त्याला ओवाळावे. औक्षण बायकांनीच करावे, असे काही नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या घरी द्राक्षांच्या जाळ्या उघड्याच असतात. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकण्याचा धोका मोठा असतो. ते गुळगुळीत आणि मऊ असल्यामुळे दातांखालून सटकते आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी गच्च बसते. मग हवा जायला फटही उरत नाही. पाच वर्षांखालील मुलांना द्राक्ष नेहमी उभे चिरून चार फोडी करूनच द्यावे. आडवे कापलेले द्राक्ष गोलच राहते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. थॉमसनसारखे लांबट मणी बोटांत आडवे धरून देठापासून टोकापर्यंत एकदा, मग वळवून पुन्हा एकदा सुरी फिरवावी. वाटीभर द्राक्षांना फार वेळ लागत नाही. चिवड्यातल्या शेंगदाण्यांचेही तेच. नाशिकचा चिवडा पाहुण्यांपुढे यायलाच हवा, पण तो मुलांच्या हाताला लागेल अशा टीपॉयवर ठेवू नये. मुलांनी खाताना खाली बसावे. तोंडात घास घेऊन पळणे, फुगे मागे घेऊन उड्या मारणे हे खाणे संपल्यावर.

एखाद्याला ठसका लागला आणि तो खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर मुलाला पुढे वाकवून पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधे, तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने अडकलेले निघाले नाही तर, मूल एक वर्षावरील असल्यास, मागून दोन्ही हातांनी कवळून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत आणि हेच आळीपाळीने करत राहावे. दुसऱ्या माणसाने लगेच १०८ ला फोन लावावा. घशात दिसत नसलेली वस्तू बोट घालून चाचपू नये, ती आणखी खोल जाते.

फुग्यांबद्दल दोन गोष्टी. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच गोळा करावेत. ते चघळताना घशाला चिकटतात, आणि हा धोका आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना असतो. दोरीला बांधून वर तरंगणाऱ्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो आणि तो मेणबत्तीजवळ पेट घेतो. फवाऱ्याच्या डब्यातला फेस तर केकभोवती आणूच नये, कारण तो ज्या वायूच्या दाबाने बाहेर पडतो तो सहसा ज्वालाग्राही असतो.

आणि केक, गुलाबजाम खाऊन मुले साखरेने उधळतात, असे वस्तीवर कोणी म्हणेल, तर त्यात तथ्य नाही. साखर दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांच्या वागण्यात फरक आढळत नाही, हे अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन १९९५ सालीच मांडले गेले आहे. मुले उधळतात ती वीस मुले एकत्र आल्यामुळे. साखर कमी द्यावी ती दातांसाठी.

प्रश्न : कॉलेज रोडवर आमच्या इमारतीत प्रत्येक वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट द्यावे लागते आणि त्याची चढाओढ लागली आहे. न देण्याचे धाडस करावे का?

उत्तर : करावे. सुरुवात कोणीतरी केली होती, तशी बंदही कोणीतरी करावी लागेल. अगदीच चैन पडत नसेल तर मुलांनी तिथेच केलेली वस्तू, रंगवलेली पणती किंवा कुंडीत लावलेले मेथीचे दाणे, घरी न्यायला द्यावे. सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या-चमचे आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हेही इमारतीच्या गटात कळवायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही सिन्नरचे. माझे वडील आणि आई या दोघांच्याही कागदपत्रांवर जन्मतारीख १ जून आहे. पाच वर्षांचा मुलगा विचारतो, ‘दोघे एकाच दिवशी कसे जन्मले?’ खरी तारीख कोणालाच माहीत नाही. मुलाला आजोबांचा वाढदिवस करायचाच आहे. कोणता दिवस धरावा?

उत्तर : मुलाला खरे तेच सांगा. त्या काळी खेड्यांत जन्माची नोंद अनेकदा होत नसे. मूल शाळेत घालायला आणले की गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि जूनमध्ये शाळा उघडत असल्याने १ जून लिहून टाकत. म्हणून महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या कितीतरी लोकांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी येतो. पाच वर्षांच्या मुलाला ही गोष्ट फार आवडेल, आणि गुरुजींनी आजोबांना नीट पाहिले तरी होते का, असा प्रश्नही तो विचारील.

मग खरा दिवस शोधण्याचे काम त्यालाच द्या. आजोबांच्या थोरल्या बहिणीला, गावातल्या एखाद्या वृद्ध नातेवाइकाला त्याने फोनवर विचारावे : आजोबा जन्मले तेव्हा पाऊस होता का, बाजरी काढायला आली होती का, पोळा झाला होता का, यात्रा कधी होती? अशा आठवणी तारखेपेक्षा पक्क्या असतात. ‘पोळ्यानंतर आठवड्याने’ एवढे हाती लागले तरी पुरे. त्यातला एक दिवस आजोबांनी आणि नातवाने मिळून ठरवावा. आजीसाठी वेगळा दिवस शोधावा, कारण एकाच केकवर दोघांना बसवले तर तिचा वाढदिवस नेहमी आजोबांच्या वाढदिवसात विरून जाईल. वडील ऐंशीच्या जवळ असतील तर सहस्रचंद्रदर्शनाचा विचारही करता येईल. एक हजार पौर्णिमा पूर्ण व्हायला साधारण ८१ वर्षे लागतात, आणि तिथे एखाद्या महिन्याचा अंदाज चुकला तरी कोणी हरकत घेणार नाही.

१ जूनला बँकेचे आणि पुतण्या-भाच्यांचे संदेश येतच राहतील. तेही दोघांनी आनंदाने घ्यावेत, फक्त केक त्या दिवशी आणू नये. ठरवलेले दोन्ही दिवस नातवाकडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करून घ्या आणि वर्ष संपले की नव्या दिनदर्शिकेवर त्या उतरवण्याचे कामही त्याच्याकडेच द्या.